पाकीट फोडायचं नाही

लोहाऱ्यात ब्रँडेड कपड्यांचं दुकान टाकलं तेव्हा कंपनीनं मला बजावलं होतं, की गिऱ्हाइकाला शर्टाचं पाकीट फोडू द्यायचं नाही. मीही तेच धरून बसलो. पहिल्याच आठवड्यात एक मावशी कापसाच्या वेचणीवरून थेट दुकानात आल्या, लेकासाठी शर्ट बघायला. पाकीट फोड म्हणाल्या.

"मावशी, वर लिहिलंय की, शुद्ध कॉटन."

"लिवलेलं तू वाच. मला हात लावून बघू दे," म्हणाल्या, आणि न घेताच गेल्या.

महिनाभर माणसं अशीच पाकिटं चाचपून परत जात राहिली. शेवटी मला माझाच राग आला. ज्यांचा जन्म बोंडातला कापूस वेचण्यात गेला, त्यांना मी प्लास्टिक चाचपायला लावत होतो! एका दुपारी सगळी पाकिटं फोडली आणि शर्ट उघडे मांडले. संक्रांतीच्या आत माल संपला.

कंपनीचे साहेब नवा माल घेऊन आले ते चिडूनच. ते मला झापत असतानाच मावशी आल्या. नव्या मालातले पाच शर्ट पाकिटातून काढून, चिमटीत चोळून त्यांनी तीन बाजूला सारले. "यात भेसळ हाय." साहेबांनी आतल्या पट्टीवरची बारीक अक्षरं वाचली. तिन्हींत पॉलिस्टर होतं.

आता मी तुळजापुरात दुसरं दुकान काढतोय. मालाचे नमुने आले की आधी मावशींच्या हातात देतो. पट्टी मी नंतर वाचतो.