एक थेंबही न गळणारी अँबेसिडर

आमच्या मोटारीला तळाशी एकही भोक नाही, हे सांगताना आमचे हे आजही छाती फुगवतात.

आमचं घर कोळ्यांचं. मासेमारी सुटली, आता ह्यांचा पनवेलला बर्फाचा धंदा आहे, पण हात होडीचेच राहिले. कविताचं, आमच्या मुलीचं, लग्न ठरलं आणि ह्यांनी खांदा कॉलनीतल्या एका म्हाताऱ्या गृहस्थांकडून जुनी पांढरी अँबेसिडर आणली. "माजी पोर सासरी जाईल ती बापाच्या गारीतून!"

काय ते धूड! गोल डोळे, रुंद नाक, आणि पत्रा असा की टिचकी मारली तर देवळातल्या घंटेसारखा वाजावा. ती दारात येऊन उभी राहिली आणि मी आपोआप डोक्यावर पदर घेतला. (सासरे गेल्यापासून घेतला नव्हता!)

तळ मात्र गंजून चाळण झालेला. उरणहून धाकटे दीर, बाळूभाऊजी आले. ते अजून होडी चालवतात. खाली वाकून बघितलं आणि म्हणाले, "दादूस, यात काय हाय? होडीला भरतो तसा कापूस, डांबर, वर रंग. झाला!"

दोघा भावांनी दिसेल ते भोक बुजवलं. पाणी निघून जायला मुद्दाम ठेवलेली भोकंसुद्धा! मी चिंचेनं बंपर घासला. तो इतका चमकला की त्यात बघायची मलाच लाज वाटली.

लग्नाच्या सकाळी मला राहवेना. एवढी थोर गाडी, आतून धुवायला नको? ओटी धुते तसा पाइप आत सोडला. (पाणी काय, जाईल कुठूनतरी!) तेवढ्यात मांडवातून हाक आली आणि मी पळाले. मागून कुणीतरी नळ बंद करून दार लावलं.

पाठवणीला सगळे रडत होते. कवितानं गाडीत पाय टाकला.

"आई गं! गारीत पानी हाय!"

रडणं थांबलं. मुलाकडची फुलांनी सजवलेली नवी गाडी मागे उभीच होती. "आमच्या गाडीतनं चला की," व्याही म्हणाले. ह्यांचा चेहरा उतरला.

भाऊजी मात्र गाभाऱ्यात बघावं तसे आत बघत होते. "दादूस, एक थेंब गलत नाय!"

"नाय रे! खरंच नाय!" ह्यांचे डोळे भरून आले. (पोरीसाठी की डांबरासाठी, देव जाणे.)

"बाबा, मी यातूनच जानार," म्हणत कविता शालू आवरून सीटवर मांडी घालून बसली. उपसायला वेळ नव्हता. गाडी चालवायला हे बसले. जावईबापूंनी बूट हातात घेतले. पाठराखीण म्हणून मला बसवलं. तळ्यात दुसरी कोण बसणार?

मुलाचं घर उलव्याला. तिथपर्यंत प्रत्येक वळणाला लाट यायची.

"पाय वर घ्या!" जावईबापू ओरडायचे.

दारात विहीणबाई ओवाळणीचं ताट घेऊन उभ्या. तिथला रस्ता खणलेला, गाडी नेमकी त्यांच्याच बाजूला कलली. दार उघडलं मात्र, अर्धी खाडी त्यांच्या पैठणीवर!

ह्यांनी मला कोपर मारलं. "बोल ना काय तरी!"

मी चारचौघांत तोंड न उघडणारी. तरी धीर केला. "आमच्यात विहिणीचे पाय धुवायची रीत आहे."

सगळे हसले. विहीणबाईही हसल्या. मी तिथंच थांबायला हवं होतं. पण जन्मात पहिल्यांदा माझ्या बोलण्यावर माणसं हसली होती! मी पुढे म्हणाले, "गाडीत अजून आहे, व्याह्यांनाही बोलवा."