आत्याचं बुटकं स्टूल

“मशीन विकायचं परत नाव काढलंस तर याच कात्रीनं तुझी जीभ बेतीन!”

“बेता की! पण काल जिन्यात बसकण मारून कोण कण्हत होतं?” सून म्हणाली.

“कण्हत नव्हते गं. दम खात होते.”

सगळी आळी जिला आत्या म्हणायची ती ही शिंपीण. पायमशीन चालवण्यात तिचा जन्म गेला, आणि आता उजव्या गुडघ्याची वाटी तिच्यावरच उलटली होती. जिना उतरताना वाटीमागं कुणी टोच्या खुपसतंय असं व्हायचं. आत्यानं तेल चोळलं, पट्टा आवळला, शेवटी अंथरूण धरलं. उठली तेव्हा मांडीची काठी झालेली आणि दुखणं होतं तिथंच. लेकानं सांगून टाकलं, थंडी सरेपर्यंत पाय सुधारला नाही तर मशीन विकायची.

सुनेनं मग फिजिओथेरपिस्ट बाईंना घरीच आणलं. बाईंनी वाटी चाचपली, पाय वाकवून पाहिला.

“वाटी ठीक आहे. मांडीत जोर उरला नाही, म्हणून ती नीट सरकत नाही. मशीनवर बसा बघू.”

आत्या बसली. गुडघे पार पोटाशी आले.

“एवढं बुटकं स्टूल?”

“स्टुलाचे पाय कापून घेतलेत,” आत्या पुटपुटली.

“सुई दिसत नाही त्यांना,” सुनेनं चहाडी केली. “म्हणून डोळे सुईपाशी यावेत असं खाली बसतात. चष्मेवाल्या शिंपिणीकडं कपडा कोण टाकेल, म्हणे!”

बाई हसल्या. “म्हणजे हट्ट डोळ्यांचा, शिक्षा गुडघ्याला! असा दुमडून पाय मारला की सगळा दाब वाटीवरच.”

आत्यानं दुसऱ्याच दिवशी सुताराकडून स्टूल उंच करून घेतलं. चष्मा आणला, आणि आपलीच शिवण बघून कपाळाला हात लावला. “हे वाकडं गटार मी शिवलं?” मुकाट्यानं सगळं उसवलं. एक कपडा झाला की उठून फेरी मारायची. सकाळ-संध्याकाळ पाठीवर पडून पाय ताठ उचलायचा, सोसवेल तेवढाच. शिव्या देत उचलायची, पण चुकवायची नाही. मांडी हळूहळू भरत गेली.

थंडी सरली तसा लेक खरंच गिऱ्हाईक घेऊन आला. खालूनच हाक मारली. आत्या कठड्याला हात न लावता जिना उतरली.

“मशीन मिळायची नाही, दादा,” ती गिऱ्हाइकाला म्हणाली. “पण तुमच्या सदऱ्याची बगल उसवलीय, ती वरूनच दिसली. काढा इकडं.”

सदरा खांद्यावर टाकून ती जिना चढली, उंच स्टुलावर बसली आणि सुईत दोरा ओवला.