चढाईआधीचा सत्कार

गेल्या जुलैत माझ्या जागी माझी बायको लडाखमधलं सहा हजार मीटर उंचीचं शिखर चढायला गेली. त्या चढाईबद्दल माझा सत्कार आधीच झालेला होता.

दिल्लीत मुनिरक्याला एक धर्मादाय दवाखाना आहे. तिथे डायलिसिसचं एकच यंत्र होतं आणि रुग्णांची रांग जिन्यापर्यंत यायची. दुसऱ्या यंत्रासाठी वर्गणी मागून आमचं मराठी मंडळ थकलं होतं. एका बैठकीत मी म्हणालो, कुणी मोठा डोंगर चढला तर लोक पैसे देतील. कुणी म्हणजे मी, असं सर्वानुमते ठरलं. देणगीदारांची अट एकच होती: शिखरावर मंडळाचा फलक धरलेला फोटो. फोटो नाही, तर यंत्र नाही.

सत्कार मे महिन्यात उरकला, कारण हॉल तेव्हा मोकळा होता. शाल, श्रीफळ झालं. अध्यक्षांच्या भाषणात मी चढून खालीही आलो होतो.

सराव नोएडातल्या आमच्या इमारतीच्या जिन्यावर चाले. चोवीस मजले, पाठीवर कणकेची दहा किलोची पिशवी. बायको माझ्या मागून यायची. बाराव्या मजल्यानंतर पुढून.

"बसतोस का जरा?"

"श्वासावर नियंत्रण ठेवतोय."

"कुठल्या श्वासावर?"

वैद्यकीय तपासणीत रक्तदाब असा निघाला की डॉक्टरांनी उपकरण बदलून पुन्हा मोजला. दुसऱ्या उपकरणाचंही तेच मत पडलं. "सर, आप पहाड़ की फोटो देखिए," डॉक्टर म्हणाले.

मंडळाची तातडीची बैठक आमच्याच घरी झाली.

"पण शाल दिलीय यांना," अध्यक्ष म्हणाले.

"परत घेऊ या," खजिनदार.

"सत्कार परत घ्यायची घटनेत तरतूद नाही हो."

तेवढ्यात चहाचा ट्रे ठेवत बायको म्हणाली, "मी जाते."

"वहिनी, सहा हजार मीटर आहे. ट्रिप नाहीये."

"लग्नाआधी मनालीला कोर्स केलाय मी. बर्फावर चढायचा."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मला हे माहीत होतं. कुणी विचारलं नव्हतं.

"आणि घरचं कोण बघणार?" अध्यक्षांनी विचारलं.

"हे आहेत ना. लिफ्ट चालू असली की बाजारात जाऊन येतात."

तिची तपासणी पहिल्याच उपकरणावर पार पडली.

पहिल्या प्रयत्नात जोराच्या वाऱ्यामुळे तिची गिर्यारोहकांची तुकडी शिखराच्या खालूनच परतली. मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लगेच सूचना आली: तिथेच बर्फात उभं राहून फोटो काढा, इथे कुणाला कळणार आहे? बेस कॅम्पवरून सॅटेलाइट फोन आला तेव्हा मी ही सूचना तिला वाचून दाखवली.

"मला कळेल की," ती म्हणाली. "वारा पडला की परत निघतोय. आणि ग्रुपवर सांग, थंडी वाजत असेल तर पंखा बंद करा."

तिसऱ्या दिवशी पुन्हा फोन आला. सकाळी तुकडी शिखरावर पोचली होती आणि सगळे सुखरूप खाली होते. फोटो लेहला आल्यावर मिळाला. गॉगल आणि टोपीमुळे चेहरा दिसत नव्हता. या वहिनीच कशावरून, असं अध्यक्षांनी विचारलं. देणगीदारांनी विचारलं नाही.

दुसरं यंत्र सप्टेंबरमध्ये बसलं. दवाखान्याने दिलेल्या माहितीनुसार ते रोज दोन पाळ्यांत चालतं.