युरोपला फोन लावणाऱ्या आंटी

आखातातल्या अझैबा भागातल्या व्हिसा केंद्रात माझ्या शेजारी बसलेल्या वसईच्या आंटींचं नाव मी विचारलंच नाही. साठीच्या असाव्यात. त्यांची मुलगी आयर्लंडमध्ये नर्स, नुकतीच बाळंत झालेली. "युरोप सगळा एकच," असं सांगून एजंटनं त्यांना भलत्याच देशाच्या व्हिसासाठी पाठवलं होतं. या व्हिसावर आयर्लंडला जाता येणार नाही, असं काउंटरवरच्या मुलीनं सांगितलं.

आंटींनी सरळ युरोपियन युनियनच्या माहिती केंद्रालाच फोन लावला. नंबर मी शोधून दिला आणि फोन स्पीकरवर ठेवला. पलीकडचा माणूस सावकाश, समजेल अशा इंग्रजीत सांगत होता आणि आंटी, तो समोरच बसल्यासारख्या, मान डोलवत होत्या. आयर्लंड युनियनमध्ये आहे, पण त्या देशाचा व्हिसा वेगळा, असं त्यानं सांगितलं.

"मग तुम्हीच सांगा ना त्यांना, मला येऊ द्या म्हणून!"

"मॅडम, आम्ही माहिती देतो. निर्णय त्या देशाचा."

मला वाटलं, आता या चिडतील. पण "गॉड ब्लेस यू, बाबा," म्हणून त्यांनी फोन ठेवला.

"बरोबर आहे त्याचं," त्या मला म्हणाल्या. "आमच्या घरीही चूल एकच होती. पण माझ्या खोलीत कोण उतरणार, हे जावा नाही ठरवायच्या."

इतक्या लांबच्या अनोळखी माणसानं खरं ते सांगितलं, याचाच त्यांना धीर आला असावा. मग त्यांनी मुलीला फोन केला.

"उशीर होईल गं, पुन्हा अर्ज करते. असू दे. तोवर बाळ मान धरेल, मला उचलायला सोपं."