मांजरीचा व्यायाम आणि वैशाखऱ्याचे पाहुणे

मला पाहायला पहिलं स्थळ आलं तेव्हा मी चार पायांवर होते.

आधी आजार सांगते, कारण लपवणं माझ्या तत्त्वात बसत नाही. (हे वाक्य लक्षात ठेवू नका. पुढे मला त्रास होईल.) मला मणक्याचा संधिवात आहे. पडून राहिलं की पाठ आखडते, हालचाल केली की मोकळी होते. म्हणजे लोक आजारी पडल्यावर विश्रांती घेतात, मी विश्रांती घेतली की आजारी पडते! शहापूरच्या डॉक्टरबाईंनी गोळ्या दिल्या, व्यायामाचा छापील कागद दिला आणि सांगितलं, "एकही दिवस चुकवायचा नाही." मी चळवळीची पत्रकं वाचत वाढलेली मुलगी. छापील कागदावर "रोज" लिहिलं असलं की माझ्यासाठी तो जाहीरनामा!

आईसाठी तो पुरावा होता. वैशाखरे गावचं स्थळ येणार म्हटल्यावर तिने तो तांदळाच्या डब्यात पुरला.

"पावण्यांसमोर पाठीचं काय बोलू नको गो. लगीन होऊ दे, मग सांगू."

"आई, ही फसवणूक आहे! मी पहिल्या पाच मिनिटांत सांगणार!"

"आणि ते ऐकून निघून गेले तर?"

"तर गेले!" मी मूठ उंचावून म्हणाले. (मुलगा शाळामास्तर होता, हसरा होता, आणि त्याचा फोटो मी तोवर अकरा वेळा पाहिला होता. गेला असता तर मला अजिबात चाललं नसतं.)

पाहुणे अकराला यायचे होते. आमच्याकडे अकरा म्हणजे साडेबारा. म्हणून साडेनऊला मी पडवीत चटई टाकली. आईने सकाळीच पडवी शेणाने सारवली होती आणि माझ्या कानांत स्वतःच्या सोन्याच्या कुड्या घातल्या होत्या.

"आज एक दिवस नाय केलास व्यायाम तर काय पाठ पळून जाईल?"

"एक दिवस, एक दिवस म्हणतच समाज मागे राहतो!" मी म्हणाले आणि ओणवी झाले.

माझ्यावर देखरेख मामाची. मामा म्हशाच्या जत्रेत बैलांचा दलाल. व्यायामाचं त्याला काही कळत नाही, पण पाठ हा त्याचा विषय! त्या दिवशी मांजरीचा व्यायाम चालला होता: हात-गुडघे टेकायचे, श्वास सोडत पाठ कमानीसारखी वर न्यायची, श्वास घेत पोट खाली सोडायचं. मामा जत्रेतली काठी माझ्या पाठीवर धरून कमान जोखत होता आणि सवयीप्रमाणे अख्ख्या गावाला ऐकू जाईल असं बोलत होता.

"वर... अजून वर! बघा, कशी सुटलीय पाठ! जत्रेआधी लाकूड होती, लाकूड!"

आणि आमच्या गावात कधीच घडलं नव्हतं ते घडलं. पाहुणे वेळेच्या आधी आले! कोणाची तरी जीप मिळाली म्हणे. मुलगा, त्याचे वडील आणि आत्या अंगणात उभे. पडवीच्या अर्ध्या उंचीच्या कुडाच्या भिंतीवरून त्यांना दिसला फक्त मामा, त्याची काठी आणि एक पाठ.

मुलाचे वडील जुने शेतकरी. त्यांनी बैल बघायच्या जन्मभराच्या सवयीने विचारलं, "दात किती?"

"बत्तीस," मामा मागे न बघता म्हणाला.

मी मान वर केली. समोर तो फोटोतला चेहरा, फोटोपेक्षा बरा. हीच ती पाच मिनिटं! सत्य ओठांवर तयार होतं. मी तोंड उघडलं आणि म्हणाले,

"कानातलं पडलंय. शोधतेय."

"अगो बाय! सोन्याचं?" आत्या किंचाळल्या.

"हो." (एकदा पाडलं तर पितळेचं कशाला पाडा!)

पुढच्या क्षणी तिघंही पडवीत गुडघ्यांवर! शेण पुरतं वाळलं नव्हतं. मास्तरांच्या पांढऱ्या पँटला दोन हिरवे गोल उमटले. तेवढ्यात आई पाण्याचे तांबे घेऊन आली आणि बघते तर सगळं स्थळ लेकीभोवती रांगतंय!

"काय झालं?"

"सोनं पडलंय!"

आईने तांबे ठेवले आणि तीही खाली. तिचंच सोनं ते!

"तुमी हलू नका," मास्तर हळूच म्हणाले आणि त्यांनी मोबाइलची बॅटरी लावली. मला रडूच आलं. इतका सज्जन माणूस माझ्यासाठी शेणात उजेड पाडत होता!

तोच मास्तरांचे वडील ओरडले, "कंबर! धरली रे!"

मामा जागचा हलला. काठी थेट पाहुण्यांच्या पाठीवर!

"घाबरू नका. श्वास सोडा, पाठ वर. हळू. आता श्वास घ्या, खाली."

"अरे, बरं वाटतंय की!"

"मग करा अजून!"

ते करू लागले. बघून आत्याही करू लागल्या. खाली जाता जाता त्यांची नजर माझ्यावर स्थिरावली.

"पोरी, एक सांग. तुझ्या दोन्ही कानांत हायेत ती कोणाची?"

सगळ्यांच्या माना माझ्या कानांकडे वळल्या. फक्त वडिलांची पाठ चालू होती, वर... खाली...

मग मी सगळं सांगितलं, एका दमात, चार पायांवरूनच: मणक्याचा संधिवात, बरा होत नाही, आटोक्यात राहतो, रोज व्यायाम, आणि मी मुळात फार खरं बोलणारी मुलगी आहे. शेवटचं वाक्य कोणी नीट ऐकलं नाही. मास्तर हसले, पोहे दोनदा घेतले. वडिलांनी व्यायामाचा कागद मागितला, तेव्हा आईला पाहुण्यांदेखत कोपरापर्यंत हात तांदळात घालावा लागला.

तिसऱ्या दिवशी मास्तरांच्या वडिलांचा फोन आला. मीच उचलला.

"आजाराचं काय नाय, पोरी. आजार कोणाच्या घरी नाय? पोराला पण तू पसंत होतीस."

"होतीस?"

"आमची बहीण अडून बसलीय. म्हणते, पोरगी नुसता व्यायाम करताना सापडली तर सोनं पाडलंन. उद्या खरंच काय झालं तर काय काय पाडेल?"

मला तर मुद्दा पटलाच होता!

"बरं, एक विचारायचं होतं," ते म्हणाले. "ते पोट खाली सोडताना श्वास घ्यायचा का सोडायचा?"

"घ्यायचा."

पलीकडून दोनदा श्वास ओढल्याचा आवाज आला.

"मामा हायेत का घरी? त्यांना दे फोन. खात्री करून घेतो."