डब्ब्याला लावलेला कूलर

आमच्या घरात माणसं दोन आणि नेटला जोडलेल्या वस्तू एकोणीस. मोजल्यात मी. मुलगा पुण्याला असतो. त्याला आईबापाची आठवण आली की तो फोन करत नाही, एखादी स्मार्ट वस्तू पाठवतो. बल्ब स्मार्ट, दारावरची घंटी स्मार्ट, गिझरचा प्लग स्मार्ट. वजनाचा काटासुद्धा. तो माझं वजन थेट पुण्याला कळवतो, आणि मग मात्र फोन येतो की बाबा, भात कमी करा. एक बोलका स्पीकरही आहे. त्याला मी ‘लाईट लाव गा’ म्हटलं की तो नम्रपणे हवामान सांगतो. मे महिन्यातलं नागपूरचं हवामान घाम न पुसता सांगणारा तेवढाच एक मला माहीत आहे.

ह्या सगळ्यांना नेट पुरवणारा राउटर, म्हणजे आमच्या भाषेत डब्बा, हॉलमधल्या फळीवर असतो. त्याच्या नेटची गरज खरी तर एकाच व्यक्तीला होती. माझ्या बायकोला.

ती दहावी झाली आणि तिचं लग्न माझ्याशी झालं, हा तिच्या शिक्षणावर आलेला पहिला अडथळा. पन्नाशीत तिनं बी.ए. केलं. मग पाली विषय घेऊन एम.ए.ला बसली. साठ पूर्ण व्हायच्या आत करायचं, असं तिनं ठरवलं होतं, आणि जूनमध्ये तिला साठ पूर्ण होत होती. लेखी सगळं झालं होतं. उरली होती फक्त तोंडी परीक्षा, मेमधल्या एका बुधवारी दुपारी तीन वाजता, व्हिडिओवर. परीक्षक परगावच्या. त्या दिवशी जमलं नाही तर पुढची परीक्षा हिवाळ्यात.

दुसरा अडथळाही मीच, हे तेव्हा कोणालाच माहीत नव्हतं. मला तर नाहीच नाही.

मी चौतीस वर्षं वीज खात्यात काढली, त्यातली बरीचशी सबस्टेशनात. तिथं दोन गोष्टी अंगात भिनल्या. दर तासाला वहीत आकडा लिहायचा, ही एक. आणि ऊन वाढून ट्रान्सफॉर्मर तापला की त्याच्यासमोर मोठा कूलर लावायचा, ही दुसरी. एप्रिलमध्ये मी सहज डब्ब्याला हात लावला तर तो चांगलाच गरम. मला त्याची दया आली. माळ्यावरून जुना लोखंडी कूलर उतरवला, बाजूच्या ताट्यांमध्ये नवा वाळा भरला, खालचा पाण्याचा टप काठोकाठ भरला आणि कूलर डब्ब्याच्या पुढ्यात उभा केला. तोंड डब्ब्याकडे, पाठ आमच्याकडे.

बायको स्वयंपाकघरातून आली आणि पदरानं मान पुसत बघत राहिली.

“माणसं इथं घामानं भिजून राहिली, अन् कूलर डब्ब्याले?”

“यंत्र आहे वं ते. त्याले बोलता येते का?”

“मले येते ना. माझं ऐकलं का कधी?”

मी ऐकलं नाही. नवरा म्हणून नाही, तांत्रिक माणूस म्हणून.

त्याच आठवड्यात नेट मंदावलं. हॉलमध्ये कूलरला टेकून बसलं तर बरं चाले, पण आतल्या खोलीत, बायकोच्या टेबलावर, चित्र अडकायचं. रामटेकच्या बहिणीशी ती बोलायला बसली की बहिणीचं तोंड उघडं राहायचं आणि आवाज पाच मिनिटांनी यायचा. मी कंपनीत तक्रार केली. चाळिशीतला एक शांत माणूस आला. त्याला डब्ब्यापर्यंत जायला वाट हवी म्हणून मी कूलर ओढून बाजूला केला. त्यानं हॉलमध्ये वेग बघितला, आतल्या खोलीत बघितला.

“साहेब, इथं तं फुल्ल येऊन राहिलं.”

“आता येऊन राहिलं. तुम्ही गेले की जाते.”

तो गेला. मी कूलर परत जागेवर ढकलला. वेग गेला. मी बायकोला म्हणालो, “पाहिलं? या लोकांसमोर बरोबर चालते. फार बनेल असते हे नेट.”

मग संशय वस्तूंवर गेला. एकोणीस तोंडं एकाच नळाला लागली तर धार बारीक होणारच. याला आमच्या खात्यात एकच औषध आहे, भारनियमन. मी रीतसर वेळापत्रक करून फ्रिजवर चिकटवलं. बल्ब रात्री आठपर्यंत बंद, टीव्ही दुपारी बंद, घंटी एक दिवसाआड. पहिल्याच दिवशी घंटी बंद असताना गॅसवाला आला, वाट पाहून पाहून सिलिंडर घेऊन परत गेला. संध्याकाळी बायको पुस्तक घेऊन बसली तर तिचा बल्ब लागेना, कारण त्याला नेट मिळण्याची पाळी आठ वाजता होती. मी टॉर्च धरून उभा राहिलो. टॉर्च साधा होता, लगेच लागला.

“चौतीस वर्षं लोकायची लाईट कापली,” ती पान उलटत म्हणाली. “रिटायर झाले तरी हात शिवशिवते का जी?”

एवढं करून वेग ढिम्म. म्हणून मी वही घातली. जाड पुठ्ठ्याची, चार रकाने आखलेली: तारीख, वेळ, वेग, शेरा. दर तासाला तिच्या टेबलाशी जाऊन मोबाईलवर वेग मोजायचा आणि लिहायचा. ती अभ्यास करत असायची, मी मध्येच हात घालून मोजायचो. शेऱ्याच्या रकान्यात माझे विचार. ‘टीव्ही बंद करूनही फरक नाही.’ ‘वजनकाट्यावर संशय.’ ‘शेजाऱ्यांकडे पाहुणे.’

परीक्षेच्या आठवड्यात सोमवारी कॉलेजच्या मॅडमनी चाचणी म्हणून व्हिडिओ लावला. बायको नवी साडी नेसून बसली. मी हॉलमध्ये अठरा वस्तू बंद करून कूलर पूर्ण वेगात ठेवला, डब्ब्याला अजिबात त्रास नको म्हणून. दोन वाक्यं झाली आणि चित्र अडकलं. पुन्हा लावलं, पुन्हा अडकलं. शेवटी मॅडमचा फोन आला. बोलणं मला दारातून ऐकू येत होतं. “ताई, बुधवारी असंच झालं तर बाहेरच्या मॅडम थांबणार नाहीत. मग हिवाळ्यातच.”

“हो,” एवढंच बायको म्हणाली. फोन ठेवला, साडी बदलली आणि पीठ मळायला घेतलं. टोमणा मारला नाही. तिनं टोमणा मारला नाही की मला भूक लागत नाही.

मंगळवारी जेवण झाल्यावर तिनं माझी वही मागितली. चष्मा लावून पहिल्या पानापासून वाचत गेली. तीन वर्षं तिनं जुन्या पोथ्यांच्या ओळी अशाच बोट ठेवून वाचल्या होत्या. मी समोर बसून सुपारी कातरत होतो.

“दर शनिवारी सकाळी काय होते?” तिनं विचारलं.

मी बघितलं. खरंच, दर शनिवारी नऊ ते अकरा वेग पाचपट. ते माझ्याही लक्षात आलं होतं, शेराही होता.

“लिहिलं ना तिथं. शनिवारी ऑफिसं बंद, म्हणून नेट मोकळं.”

“अन् मग अकरा वाजता ऑफिसं उघडते?”

मी सुपारी कातरायची थांबवली.

“अन् रविवारी काहून नाही?” ती म्हणाली. “शनिवारी आपल्या घरी काय असते, ते सांगा.”

शनिवारी आमच्याकडे कोरडा दिवस असतो. डेंग्यूच्या भीतीनं आठवड्यातून एकदा भांडीकुंडी रिकामी करून घासायची. मी स्वतः तो कूलर ओढत मागच्या अंगणात नेतो, टप ओततो, ताट्या धुतो, आणि अकरा वाजता भरून परत डब्ब्यासमोर आणून ठेवतो. दीड महिना मी हे न चुकता करत होतो, आणि वही घातल्यापासून त्या वेळचा वेग न चुकता लिहीतही होतो.

लोखंडाची पेटी आणि चाळीस लिटर पाणी, दोन्ही नेटची लहर अडवणारे. डब्बा एका बाजूला, बायकोचं टेबल दुसऱ्या बाजूला, आणि मधोमध माझी दया.

“कूलर काढा जी,” ती म्हणाली.

“डब्बा तापन. उद्या ऐन वेळी बंद पडला तर?”

“काढा.”

टप रिकामा करायचं मला सुचलं नाही. मी जोर लावून ओढला, चाक फरशीच्या फटीत अडकलं आणि हॉलभर पाणी. मी घोट्यापर्यंत ओला उभा, आणि ती आतल्या खोलीत व्हिडिओ लावून ओरडून सांगत होती की बहीण दिसून राहिली, हलून राहिली, बोलून राहिली. बहीण फोनमधून विचारत होती, “काय वं झालं? भाऊजी पडले का?”

“नाही वं,” बायको म्हणाली. “उभे आहेत अजून.” आणि इतकी हसली की तिला पुढं बोलताच येईना.

बुधवारी अडीच वाजता बाहेर उन्हानं सगळं पांढरं दिसत होतं. तिनं परत नवी साडी नेसली, टेबल पुसलं आणि मला बजावलं, “मंधात उभं राहायचं नाही. तुमच्यातही पाणीच भरलं आहे.”

म्हणून मी फळीखाली जमिनीवर बसलो. डब्बा तापत होता. मला राहवेना. फ्रिजवरचं भारनियमनाचं वेळापत्रक काढलं, घडी घातली आणि हात वर करून डब्ब्याला वारा घालू लागलो.

तीन वाजता आतून आवाज यायला लागले. परगावच्या बाई विचारत होत्या, बायको उत्तर देत होती. काही पालीत, काही मराठीत. पालीतलं मला कळत नाही, पण तुटलेलं वाक्य कुठल्याही भाषेत कळतं, आणि तिचं एकही वाक्य तुटत नव्हतं. एकदा तिनं उलट त्यांनाच काहीतरी विचारलं. एकदा दोघी हसल्या. माझा उजवा हात दुखला तेव्हा डावा लावला. घरात तिचा इतका वेळ चाललेला सलग आवाज मी बहुतेक पहिल्यांदा ऐकत होतो. एरवी मधे मी बोलतो.

पंचेचाळीस मिनिटांनी ती बाहेर आली. कपाळावर घाम, हातात चष्मा.

“बाई म्हणाल्या, अभिनंदन. कागद मागून येईन.” मग तिचं लक्ष गेलं. “अजून काय वारा घालून राहिले? संपलं ना.”

“डब्बा गरम आहे वं.”

“मी बी गरम आहे.”

कोपऱ्यात रिकामा कूलर होता. तो मी डब्ब्यापासून लांब, खिडकीपाशी नेला, तोंड दिवाणाकडे फिरवलं आणि बादल्या आणू लागलो. ती दिवाणावर पाय पसरून बसली, माझी वही उघडली, त्या दिवसाच्या शेवटच्या ओळीत वेग लिहिला, आणि शेऱ्याच्या रकान्यात पेन धरून विचार करत राहिली. चौथी बादली ओतून मी वाकून पाहिलं.

‘हवा छान येत आहे,’ असं तिनं लिहिलं होतं. कूलर मी अजून चालू केला नव्हता.