बिघडवलेला हात

काजवाल्या मावशींना पोलिसांनी नेलं तेव्हा शेजाऱ्यांना हसावं की रडावं कळेना. झुरळ दिसलं की पलंगावर चढणाऱ्या या बाईंनी सरकारचं काय घोडं मारलं असणार? चार शिंप्यांचे कोट घरी आणायचे आणि हाताने काजं करायची, एवढंच त्यांचं जग. पण काजं अशी, की बटण एकदा आत गेलं की जागचं हलायचं नाही. इतर कारागीर काजाच्या टोकाला पाच टाके घालून मोकळे होतात. मावशी सात घालायच्या, पंख्यासारखे पसरून. या टाक्यांचा त्यांना भारी तोरा. कुणी नावं ठेवली तर आठवडाभर अबोला.

तोच तोरा अंगाशी आला. बंदी असलेल्या सभेवर धाड पडली, पळापळीत एक कोट मागे राहिला आणि त्याच्या आतल्या खिशात पत्रकं सापडली. गावात हाताने काजं करणाऱ्या बायका दोनतीनच, त्यामुळे कोट मावशींपुढे आला. तो शाळेतल्या तरुण मास्तरांचा आहे हे त्यांनी पाहताक्षणी ओळखलं. आतल्या खिशाचं ते सात टाक्यांचं काज मास्तरांनी मुद्दाम सांगून करून घेतलं होतं. मास्तर निसटले होते आणि पोलिसांना अजून त्यांचं नावही ठाऊक नव्हतं. हे काम माझं नाहीच, असं मावशींनी सांगून टाकलं. एवढं धडधडीत खोटं आपल्याला जमतं याचं त्यांनाच नवल वाटलं. कुठलं काज कुणाच्या हातचं ते सांगता येत नाही, म्हणून शिंप्यांनीही कानावर हात ठेवले.

तपास अधिकारी घाई करणाऱ्यांतला नव्हता. खटल्याच्या भानगडीत न पडता त्याने मावशींना तुरुंगात डांबलं आणि तिथल्या शिवणखोलीत बसवलं. कोटाशी एक काज जुळलं की मग पाहतोच, असं बजावूनही गेला. माणूस हुशार, यात शंका नाही. तिसऱ्याच दिवशी एका कैदीणबाईच्या पोलक्याला काज करताना मावशींची तंद्री लागली, आणि पाहतात तर टोकाला सात टाके. कुणी बघायच्या आत त्यांनी ते सगळं उसवलं.

त्या दिवसापासून त्यांनी हात बिघडवायला घेतला. चीर वाकडी, दोरा सैल, टोकाला कसेबसे चार टाके. वाईट काम करणं सोपं असतं असं ज्यांना वाटतं त्यांनी तीस वर्षं एखादं काम चांगलं करून पाहावं. सुई आपसूक बरोबर जागी जायची. मावशी तिला दर टाक्याला ओढून चुकीच्या जागी न्यायच्या. शिवणखोलीची जमादारीण सगळ्यांदेखत सदरे त्यांच्या अंगावर फेकायची. पहिले दोन महिने त्या रडल्या, तुरुंगासाठी नव्हे, त्या सदऱ्यांसाठी. मग एकदा बोलणी खाताना त्यांच्या लक्षात आलं की आज डोळ्यांत पाणी नाही. चांगलं काम म्हणजेच आपण, अशी त्यांची आजवर समजूत होती. काम पार मातीत गेलं होतं आणि त्या मात्र धडधाकट उभ्या होत्या. हे कळल्यावर त्यांना खूप हलकं वाटलं.

लेक भेटीला यायची आणि जाळीपलीकडून रडत कुजबुजायची. "सांगून टाक ना, आई. तो आपला कोण लागतो?"

"कोणी नाही," मावशी म्हणाल्या. "पण माझ्या शब्दावरून कुणाला धरून नेणार नाहीत. तू वेळेवर जेवत जा."

चौदा महिन्यांनी अधिकारी तो कोट घेऊन आला. त्याने समोर बसवून एक काज करून घेतलं, भिंग लावून कोटाशी ताडून पाहिलं आणि तो हसायलाच लागला. "या कामाचे लोक तुम्हाला पैसे देतात?"

तीस वर्षांचा तोरा मावशींच्या घशाशी आला. त्यांनी तो गिळला. "गरिबाला सांभाळून घेतात, साहेब."

पुढच्याच आठवड्यात त्यांना सोडलं.

घरी आल्यावर दुसऱ्या दिवशी एका शिंप्याने आठवणीने एक कोट पाठवला. मावशी खिडकीशी बसल्या आणि मन लावून काज केलं. वाकडं झालं. उसवून पुन्हा केलं, तरी तसंच. सुई आता सवयीनेच चुकीच्या जागी जात होती. लेकीला बघवेना, राहू दे म्हणाली.

"हात बिघडवायला चौदा महिने लागले," मावशी म्हणाल्या. "तोही माझ्याच मनाने बिघडवलाय." आणि त्यांनी तिसऱ्यांदा दोरा ओवला.